थोड्याच जागा शिल्लक

दहावीच्या बीजगणितात संभाव्यतेचं प्रकरण आहे. आमच्या उर्दू पुस्तकात तिला एहतेमाल म्हणतात. नाणं, फासा, पिशवीतले रंगीत चेंडू इथपर्यंत मुलींची गाडी बरी चालते. मग बावन्न पत्त्यांची गणितं येतात आणि वर्ग गप्प होतो. पिसलेल्या पत्त्यांतून एक पत्ता काढला तर तो बादशहा असण्याची संभाव्यता किती? पत्त्यांत बादशहा चार असतात हेच निम्म्या मुलींना ठाऊक नसतं. ज्यांना ठाऊक असतं त्या सांगायला कचरतात. 'तुमच्या घरी कोण खेळतं?' असा पुढचा प्रश्न येईल, ही भीती.

२०१८ साली नवं पुस्तक आलं तेव्हा मी बल्लारपूरच्या बाजारातून पत्त्यांचा एक कॅट विकत घेतला. बी.एड.ला असताना शैक्षणिक साधनांचं महत्त्व आमच्याकडून इतकं घोटून घेतलं होतं की फळ्यावर बादशहाचं चित्र काढून भागवणं मला पटेना. बुरख्यातली बाई पत्ते मागते आहे म्हटल्यावर दुकानदाराने एकदा माझ्याकडे आणि एकदा रस्त्याकडे पाहिलं. मग कॅट वर्तमानपत्रात गुंडाळून दिला.

पाठाची रंगीत तालीम मी धाकट्या भावावर केली. आम्ही त्याला घरात छोटे म्हणतो. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. तेव्हा तो नागपूरला इंजिनिअरिंगला होता आणि सुटीत घरी आला होता. त्याने चार ओळींत पत्ते मांडले: हुकुम, ईंट, पान, चिडी, मराठीत इस्पिक, चौकट, बदाम, किलवर. मग म्हणाला, "आपा, एक पत्ता काय काढायला लावता? दोन काढायला लावा. दोन्ही एक्के येण्याची शक्यता दोनशे एकवीसमध्ये एक." मी कागदावर करून पाहिलं. बावन्नातून दोन पत्त्यांच्या जोड्या १३२६, त्यात एक्क्यांच्या जोड्या सहा. बरोबर होतं. पोराला गणित येतं याचाच मला आनंद झाला. हे त्याला इतकं तोंडपाठ कसं, असा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता. पडला नाही. सुटी संपवून जाताना तो तो कॅट मागून घेऊन गेला आणि मला शाळेसाठी दुसरा आणावा लागला.

त्या दुसऱ्या कॅटवरून शाळेत जरा गंमतही झाली. एका मुलीचे वालिद हेडमास्तरांकडे तक्रार घेऊन आले, की आम्ही मुलीला शिकायला पाठवतो आणि इथे तिला जुगार शिकवतात. हेडमास्तरांनी पुस्तक उघडून पान दाखवलं. ते गृहस्थ बराच वेळ वाचत राहिले. "मग ही चूक सरकारची आहे," असं म्हणून माझ्याकडे न बघता निघून गेले. स्टाफरूममध्ये आम्ही हसलो. मी सर्वांत जास्त हसले.

आता थोडं मागचं सांगते. आमचे अब्बा बल्लारपूरला लाकडाच्या डेपोत कामाला होते आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात ठेकेदाराचे मुन्शी म्हणून आलापल्ली, अहेरीच्या बाजूला जात. सत्तर पानांचं एक पुडकं, हजार पुडक्यांची एक स्टँडर्ड बॅग. एप्रिल-मेच्या उन्हात दोन-तीन आठवडे हाच हिशेब. जंगलात वर्षभरात एकदाच रोख पैसा येतो तो तेव्हा, आणि पैसा आला की त्याच्या वासाने पत्तेवाले येतात. संध्याकाळी कंदिलाभोवती तीन पत्तीचा डाव बसायचा. पलीकडे कोंबडबाजार. कोंबड्याच्या पायाला काती बांधून झुंज लावायची आणि दोन मिनिटांत कुणाची आठवड्याची मजुरी कुणाच्या खिशात. अब्बा सांगत, सकाळी पुडकी मोजून पैसे दिलेला माणूस रात्री त्यांच्याकडेच उसने मागायला येई. ते देत नसत. "देतो म्हटलं असतं तर त्याची बायको मला शिव्या देती, नाही म्हटलं तर तो देतो. बायकोच्या शिव्या जास्त लागतात," असं त्यांचं म्हणणं. २०१४ साली ते गेले. छोटे तेव्हा शाळेतच होता. त्याचं पुढचं सगळं मी आणि अम्मीने केलं. म्हणून मी त्याच्याबद्दल जे लिहिते आहे ते बहिणीचं आहे आणि थोडं बापाचंही आहे.

नोकरी लागल्यावर तो मोबाईलवर पोकर खेळू लागला. मला कळलं ते फ्रीजमुळे. एका रमजानच्या आधी त्याने अम्मीसाठी नवा फ्रीज पाठवला. पगार होऊन पंधरा दिवस उलटले होते, म्हणून मी फोनवर विचारलं. तो हसून म्हणाला, "बोनस समजा." मग हळूच खरं सांगितलं. मी त्याला चांगलं झापलं. पण फ्रीज परत पाठवला नाही. त्या रमजानमध्ये रूहअफजाचं थंड सरबत आम्ही सगळ्यांनी प्यायलं आणि अम्मीने रोज इफ्तारला लेकासाठी दुआ मागितली. मी आमीन म्हटलं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आज लिहिते आहे.

मग आला ऑगस्ट २०२५. त्या एका महिन्यात आमच्या घरात दोन बातम्या आल्या. पहिली कुर्ऱ्याची. हज २०२६ साठी अम्मी आणि छोटे यांचा एकाच कव्हरमध्ये अर्ज भरला होता. अम्मी आणि तिचा मेहरम म्हणून लेक. भारताचा कोटा १,७५,०२५चा आणि इच्छा करणारे त्याहून कितीतरी जास्त, म्हणून हज कमिटी कुर्रा काढते. ६५ वर्षं पूर्ण झालेल्यांना प्राधान्य असतं, अम्मीला चार वर्षं कमी पडली. कुर्ऱ्यात नाव आलं नाही. प्रतीक्षायादीत आलं, आणि नंबर चार आकडी. अम्मीने "अल्लाह की मर्जी" म्हणून विषय मिटवला, पण तस्बीह ठेवायच्या डबीत तिने त्या नंबरची चिठ्ठी घातली. यादी पुढे सरकली तर थोड्या दिवसांत पैसे भरावे लागतात. दोघांचे मिळून तीन लाखांच्या वर. ते आम्ही तीन वर्षांत साठवले होते आणि माझ्या खात्यात वेगळे ठेवले होते. त्या पैशांकडे मी खात्यातली रक्कम म्हणून पाहतच नसे.

दुसरी बातमी संसदेतली. ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा २१ ऑगस्टला राज्यसभेत मंजूर झाला, दुसऱ्या दिवशी राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते हुनराचे असोत की नशिबाचे, सरसकट बंद. रमी, पोकरच्या कंपन्यांनी लगेच पैशांचे डाव थांबवले. मला वाटलं, सुटलो. जे माझ्या बोलण्याने झालं नाही ते दिल्लीने केलं. मी त्या दिवशी शुकराने की नफ्ल पढले, हेही सांगून टाकते.

पण पाणी एका बाजूने अडवलं की दुसरीकडून वाट काढतं, हे आमच्या जिल्ह्याला नवं नाही. गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ साली झाली आणि २०२१ साली उठली. मधल्या सहा वर्षांत दारू कुठून कुठे जायची हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तसंच इथे झालं. कायदा ऑनलाइनचा, आणि गोव्यात मांडवीच्या पात्रातली जहाजं काही ऑनलाइन नव्हेत. गोव्याच्या १९७६च्या जुगार कायद्यात १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांत मशीनच्या खेळांना आणि १९९६ साली जहाजांवरच्या कॅसिनोला वाट करून दिलेली आहे. २०१७ मध्ये वर्ल्ड पोकर टूर भारतात आली ती इथेच, डेल्टिन रॉयल या जहाजावर. आपल्या महाराष्ट्रानेही १९७६ साली कॅसिनोचा एक कायदा करून ठेवला होता. तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ साली रद्द झाला. गंमत अशी, की खुद्द गोव्याच्या रहिवाशाला २०२०पासून त्या कॅसिनोंत जायला मनाई आहे. पणजीच्या पोराला जाता येत नाही, बल्लारपूरच्या पोराला येतं.

फोन आला तो त्याच हिवाळ्याच्या सुरुवातीला, इशाच्या नमाजनंतर. मी दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासत होते.

"आपा, चाळीस हजार पाहिजेत. आज रातीच."

मला आधी अपघातच वाटला. छातीत धस्स झालं. तो म्हणाला, नाही, सगळं ठीक आहे, गोव्याला एक मोठी लाईव्ह स्पर्धा आहे, नोंदणी सुरू झाली आहे आणि जागा भरत आहेत. "सीटें भर रही हैं आपा, सुबह तक फुल हो जाएगा." ऑनलाइन बंद झाल्यामुळे देशभरातले खेळणारे सगळे तिकडेच येणार. पूर्वी छोट्या ऑनलाइन डावातून मोठ्या स्पर्धेची जागा जिंकता यायची, ती वाट आता बंद. रोख भरायचे आणि जागा धरायची. त्याने मला स्क्रीनचा फोटो पाठवला. लाल अक्षरांत लिहिलं होतं, थोड्याच जागा शिल्लक. खाली घड्याळ उलटं चाललं होतं.

मी म्हटलं, "ते घड्याळ कशाचं आहे?"

"कमी फीची मुदत आहे."

"आणि जागा किती उरल्यात?"

"लिहिलंय ना, थोड्याच."

माझ्यातल्या गणिताच्या बाईला राग आला तो इथे. थोड्याच म्हणजे किती? एकूण किती? किती भरल्या? आकडा दिलेला नाही आणि घड्याळ मात्र सेकंदासकट. ताडोब्याच्या सफारीचं बुकिंगही दिवाळीच्या दिवसांत भरून जातं, पण तिथे अमुक गेटला, अमुक दिवशी, इतक्या गाड्या असा हिशेब असतो.

मी त्याला म्हटलं, मला आधी हा खेळ समजावून सांग. तो वैतागला, पण सांगू लागला. प्रत्येकाला दोन बंद पत्ते. मधे सगळ्यांचे मिळून पाच पत्ते, ते टप्प्याटप्प्याने उघडतात. सातांतले उत्तम पाच ते तुमचे. दर टप्प्याला बोली लावायची किंवा पत्ते टाकायचे. स्पर्धेत सगळे सारखी फी भरतात, सगळ्यांना सारख्या चिप्स मिळतात. चिप्स संपल्या की बाहेर. सक्तीची बोली ठरावीक मिनिटांनी वाढत जाते, म्हणून गप्प बसून राहणाराही हळूहळू झिजतो. शेवटच्या काही जणांना बक्षिसं.

पेपरांच्या गठ्ठ्याच्या पाठकोऱ्या कागदावर मी हिशेब मांडला. समजा शंभर माणसं, प्रत्येकी दहा हजार. जमले दहा लाख. आयोजक दहा टक्के ठेवतो असं धरलं तर उरले नऊ. ते मिळणार वरच्या बारा-पंधरा जणांना, त्यातही मोठा वाटा पहिल्या तिघांचा. पंच्याऐंशी माणसं रिकाम्या हाताने घरी. जिंकणाऱ्याच्या रकमेतून सरकार तीस टक्के कापणार. आणि बाद झालेल्याला पुन्हा फी भरून आत यायची सोय असते, म्हणजे पंच्याऐंशींतले काही दोनदा जाणार. मी हे त्याला वाचून दाखवलं.

तो म्हणाला, "हे नसीबवाल्यांचं गणित आहे. मी हुनरने खेळतो." मग त्याने मला त्या अमेरिकन माणसाची गोष्ट सांगितली. ख्रिस मनीमेकर नावाचा एक हिशेबनीस, शंभर डॉलरपेक्षाही कमी फीच्या ऑनलाइन डावातून २००३च्या जागतिक स्पर्धेत शिरला, जिथे एरवी प्रवेशालाच दहा हजार डॉलर लागतात, आणि २५ लाख डॉलर घेऊन बाहेर पडला. ही गोष्ट खरी आहे. त्या वर्षी ८३९ जण खेळले होते, पुढच्या वर्षी २५७६ आले. त्यातला ८३९ आकडा छोटेनेच मला सांगितला, आणि पुढे उरलेल्या ८३८ जणांची नावं मी विचारली तेव्हा तो गप्प झाला.

हुनर की नसीब, हा वाद आमच्या दोघांचा नाही, कोर्टांचाही आहे. रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली म्हटलं. पोकरला गुजरातच्या उच्च न्यायालयाने २०१७ साली जुगारात धरलं, दुसऱ्या काही ठिकाणी वेगळं मत पडलं. छोटेकडे हे सगळं पाठ होतं. मला विचाराल तर पोकरमध्ये हुनर आहे. समोरच्याचा चेहरा वाचायचा, शक्यता मोजायच्या, कधी पत्ते टाकायचे ते कळायचं. बिनडोक माणसाचं ते काम नाही. पण हुनर आहे म्हटल्याने मला जास्तच भीती वाटली. तेंदूच्या फडावरचा मजूर निदान जाणून असायचा की आपण नशिबावर पैसे लावतो आहोत. हुनराच्या भरवशावर हरणारा माणूस प्रत्येक वेळी म्हणणार, पुढच्या वेळी चूक सुधारेन.

"आणि कुर्रा?" तो म्हणाला. "अम्मीचा नंबर कशाने लागतो? नसीबनेच ना?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मला लगेच आलं नाही. मी त्याला "थांब, फोन ठेव, अर्ध्या तासाने कर" म्हटलं.

घरात सगळे झोपले होते. अम्मीच्या खोलीतून तिच्या खोकल्याचा आवाज आला. मी कपाटातून तफसीर काढली. जुगाराला कुरआनात मैसिर म्हटलं आहे. जाहिलियतच्या काळात अरब लोक उंट कापून त्याचे वाटे बाणांवर लावत. दहा बाण, सातांवर वाटे, तीन कोरे. कोरा बाण ज्यांच्या वाट्याला येई ते उंटाची किंमत भरत. आणि जिंकणारे ते गोश्त स्वतः न खाता गरिबांत वाटत, त्यात मोठेपणा समजला जाई. म्हणजे मैसिरच्या शेवटी कुणातरी भुकेल्याच्या हातात गोश्त पडत होतं. तरीही मनाई आली. सूरह बकरामध्ये तर असं आहे की दारू आणि जुगारात लोकांना काही फायदेही आहेत, पण गुनाह फायद्याहून मोठा. हे वाचून मला आमचा फ्रीज आठवला. फायदा नव्हता असं मी कसं म्हणू? थंडगार होता.

कुर्ऱ्याचं उत्तरही हळूहळू सापडलं. हुजूर सफरीला निघताना बीवींपैकी कुणाला सोबत न्यायचं ते कुर्ऱ्याने ठरवत, अशी हदीस आहे. सगळ्यांचा हक्क सारखा आणि जागा एकच असेल तर चिठ्ठी टाकायची. त्यात हरणाऱ्याचं काही जात नाही, जिंकणाऱ्याच्या ताटात हरणाऱ्याची भाकर येत नाही. अर्धा तास झाला. फोन आला. मी त्याला हे सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आपा, दुरुस्त है. पण एकोणीस मिनिटं उरलीत."

मी बँकेचं ॲप उघडलं. हजच्या पैशांना हात लावायचा नाही एवढं मी ठरवलं होतं, पण ठरवलेलं असूनही त्या खात्यावर बोट नेऊन मी रक्कम पाहिली. पाहिल्यावर मनात आलं, रविवारी स्पर्धा संपते, सोमवारी परत येतील, यादी काय या चार दिवसांत सरकणार आहे? हा विचार छोटेचा नव्हता. माझाच होता. त्या उलट्या घड्याळाने तो माझ्यात घातला होता. मी घाबरून तिथून बाहेर आले, पगाराच्या खात्यातून दहा हजार पाठवले आणि लिहिलं, हे उधार आहेत, एवढेच आहेत.

का पाठवले? ते नागपुरातल्या कुणा सावकाराकडे जाऊ नये म्हणून, असं मी दुसऱ्या दिवशी ह्यांना सांगितलं. हे नुसते "हं" म्हणाले. खरं कारण इतकंच असावं की अकरा वर्षांनी लहान असलेल्या भावाला एकोणीस मिनिटं नाही म्हणत राहणं मला जमलं नाही.

उरलेले तीस हजार त्याने मित्रांकडून जमवले. पोकरवाल्यांत ही रीतच आहे म्हणे. खेळाडू स्वतःचे हिस्से विकतो, जिंकला तर हिश्शाप्रमाणे वाटप, हरला तर भांडवलवाल्यांचं नुकसान. "एकदम मुदारबा है," असं तो नंतर हसत म्हणाला, आणि मला हसू आलं याचा मला राग आला. त्याने हिस्सेदारांची एक यादी करून त्यांच्या ग्रुपवर टाकली होती. चुकून मलाही पाठवली. तीन मित्रांची नावं, प्रत्येकी पंचवीस टक्के. आणि सर्वांत वर लिहिलं होतं: आपा, २५ टक्के.

मी त्याला लगेच फोन केला, माझं नाव काढ म्हणून. त्याला कळेचना मी का चिडले. "अहो, उधार असतं तर हरल्यावरही परत द्यावं लागलं असतं. हिस्सा लिहिला म्हणजे तुमचा फायदा." नाव त्याने काढलं. पण त्याआधी, ती यादी प्रथम पाहिली तेव्हा, राग येण्याच्या आधीचा एक क्षण होता. त्या क्षणात मी पहिल्या बक्षिसाच्या रकमेला चारने भागलं होतं. गणित शिकवणाऱ्या बाईचा मेंदू न विचारता भागाकार करतो, अशी मी स्वतःची समजूत घातली.

एवढं सगळं होईपर्यंत जागा भरल्या होत्या. म्हणजे लाल अक्षरं खोटी नव्हती, हेही नोंदवते. पैसे जमेपर्यंत मध्यरात्र उलटली, कमी फीची मुदत गेली. फरकाचे पैसे त्याने क्रेडिट कार्डावर भरले, तोवर पहिल्या दिवसाची नोंदणी पूर्ण झाली होती. त्याला मिळाली ती राखीव यादीतली जागा. पोकरमध्ये अशी यादी असते. टेबलं भरलेली असली की नावं लावून बाहेर थांबायचं. आत एकेक माणूस बाद होतो, खुर्ची रिकामी होते, की यादीतला पुढचा आत.

तो नागपूरहून गेला. अम्मीला सांगितलं, ऑफिसची ट्रिप. पणजीच्या धक्क्यावरून छोटी बोट जहाजाकडे नेते. त्याने मला तिथून व्हिडिओ पाठवला, नदीच्या पाण्यात लाल-निळे दिवे. मग बराच वेळ काही नाही. दुपारी एक संदेश आला, "पंधरावा नंबर आहे." मग "नववा." मग "एक मोठा खेळाडू आउट, मी चौथा." मी वर्गावर होते, नववीला वर्गमूळ शिकवत होते, आणि टेबलाच्या खणात फोन दर थोड्या वेळाने थरथरत होता. प्रत्येक थरथरीला एक माणूस चाळीस हजार घालवून उठत होता आणि माझ्या भावाला आनंद होत होता. तिसऱ्या वेळी मलाही बरं वाटलं.

त्याला खुर्ची मिळाली संध्याकाळच्या सुमारास. रात्री नऊच्या आत तो बाहेर होता. हातात दोन बादशहा होते, समोरच्याकडे एक्का आणि राणी, शेवटच्या पत्त्याला एक्का आला. असं त्याने मला दहा वेळा तरी सांगितलं असेल. शंभरात सत्तर वेळा तो जिंकला असता, यातही त्याची चूक नाही, हिशेब बरोबरच आहे. मला मात्र सतत दिसत होती ती त्याची रिकामी झालेली खुर्ची, आणि बाहेर उभा असलेला यादीतला पुढचा पोरगा, ज्याने त्याच क्षणी आपल्या बहिणीला संदेश केला असेल.

पुढच्या शुक्रवारी तो घरी आला. अम्मीसाठी गोव्याचे काजू आणले होते. जेवणं झाल्यावर अम्मीने तस्बीहच्या डबीतून चिठ्ठी काढली आणि त्याच्या हातात दिली. "देख तो बेटा, हमारा नंबर कहाँ तक आया."

त्याने फोनवर पाहिलं. यादी बरीच पुढे सरकली होती. त्याने तो आकडा मोठ्याने वाचला. मला वाटलं अम्मी खूश होईल. ती थोडा वेळ काजूच्या पाकिटाकडे बघत बसली.

"इतने लोग कट गए?" तिने विचारलं. "बीमार पडे होंगे बेचारे. या पैसा नहीं जुडा होगा."

मी म्हटलं, "अम्मी, आता दुआ करा, अजून थोडं सरकलं की तुमचं काम झालं."

"ना," ती म्हणाली. "ये दुआ मैं नहीं माँगती. किसी का नाम कटेगा तब ना हमारा लगेगा. जिनका कटा उनके लिए माँगूँगी." आणि तिने तिथेच बसल्या बसल्या हात उचलले.

छोटेने फोन उलटा करून चटईवर ठेवला. मग त्यानेही हात उचलले. मी उठून आत गेले, पाण्याची बाटली काढायला फ्रीज उघडला आणि थोडा वेळ तशीच दार धरून उभी राहिले. बाहेरून अम्मीचा आवाज येत होता. दुआ लांबली होती.